एकाच शाईची रात्र

दर पाच मिनिटांनी ती उठते.
कुणी हाक मारत नाही.
मोतीझीलच्या ऑफिसात, मागच्या खोलीत,
जिथे गळक्या एसीखाली आम्ही बादली ठेवलीय,
बावीस ओळींची माझी स्क्रिप्ट
मशीनच्या कपाळावर हात ठेवून बघते:
किती कामं रांगेत, मेमरी किती उरली,
डिस्क छातीपर्यंत भरली की गळ्यापर्यंत,
आणि एक ओळ लिहून
पुन्हा आडवी होते.

सकाळी सहाला दिवसभराच्या ओळींची घडी घालून
मला पाठवते. नया बाजारातल्या घरी
मी दुधावर लक्ष ठेवून उभी असते.
एका हाताने फोन धरून वाचते:
लोड शून्य पूर्णांक चार. डिस्क एकाहत्तर टक्के.
सगळं ठीक.
गॅस बंद करते.

जूनमध्ये ग्वाल्हेर सेहेचाळीसवर गेलं, तेव्हाही
लोड शून्य पूर्णांक चार. डिस्क एकाहत्तर टक्के.
चिटणीस साहेबांना मी म्हटलंसुद्धा,
बघा, कसं सोसतंय बिचारं.

बाराव्या दिवशी पाणीपट्टीची बिलं छापायची होती.
निघेनात.
रांग गेटबाहेर गेली, हुरावलीचे एक आजोबा
पिशवीतून मागची चार बिलं काढून
काचेवर टिचकी मारत राहिले.
आत काळ्या पडद्यासमोर मी दोन अक्षरांची आज्ञा दिली.
शंभर टक्के.

तीन जूनला, पहाटे तीन वाजून वीस मिनिटांनी
कुणाचा तरी बॅकअप फुगला
आणि डिस्कवर तीळ ठेवायला जागा उरली नाही.
ती मात्र उठत होती. मोजत होती.
लिहायला जायची, रिकाम्या हाताने परतायची,
आणि सहाच्या ठोक्याला
दोन तारखेचाच कागद झटकून मला धाडायची.
तिचं काय चुकलं?
फाइल दिसली की पाठव, एवढंच मी शिकवलं होतं.
कधीची आहे ते बघ,
हे सांगायला मीच विसरले.

त्याच दुपारी पंपहाउसचा हरप्रसाद कुशवाह
रजिस्टर घेऊन सहीला आला.
टाकीची पातळी, तासातासाची.
अकरा फूट दोन इंच. अकरा फूट दोन इंच.
रात्री दहापासून पहाटे पाचपर्यंत
एकच शाई, एकच कलतं अक्षर,
मधे कुठे पेन थांबल्याची खूणही नाही.
एरवी केली असती सही.
त्या दिवशी नुसती शाईकडे बघत राहिले.
तोही बघायला लागला.
मग हळूच म्हणाला, मॅडम, नींद लग जाती है.

मला हसू आलं, ते मी रजिस्टरमागे लपवलं.

संध्याकाळी सगळे गेल्यावर तीन ओळी वाढवल्या.
फाइल दहा मिनिटांहून शिळी असेल
तर जुना आकडा काढून देऊ नकोस.
शून्यही टाकू नकोस, शून्य हाही आकडाच.
सरळ लिही: माहीत नाही.
आणि सहाची वाट बघू नकोस.

जुलैतल्या एका रात्री उशीजवळ फोन थरथरला.
तीन वाजून चाळीस. लोड: माहीत नाही.
मेमरी: माहीत नाही. डिस्क: माहीत नाही.
पहिल्यांदाच तिने मला उठवलं होतं.
अंधारात एक चप्पल माझी, एक शेजारणीची,
अशी घालून मी स्कूटर काढली.

बादली भरून वाहत होती.
कुणी तरी ती रिकामी करायला विसरलं होतं,
पाणी सरकत सरकत प्लगपर्यंत गेलेलं,
मशीन गार, गप्प.
पुसलं, वाळवलं, चालू केलं.
पाच मिनिटं तिथेच उकिडवी बसून राहिले,
पहिली ओळ येईपर्यंत.

निघताना पाहिलं, पंपहाउसमध्ये दिवा होता.
कुशवाह जागा होता का?
माहीत नाही.